कापूस, काटा आणि आपण

१

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पुण्याला व्यवस्थापनशास्त्र शिकतो. गेल्या दिवाळीत तो गावी आला, तेव्हा ओसरीवर बसून मला 'सप्लाय चेन' समजावून सांगत होता. मराठीत तिला पुरवठा साखळी म्हणतात. शेतात निघालेला माल ज्या ज्या हातांतून गिरणीपर्यंत जातो, आणि गिरणीतले कापड ज्या ज्या हातांतून गिऱ्हाइकापर्यंत येते, त्या सगळ्या हातांची ही साखळी. "काका, मधातल्या कड्या कमी केल्या का लहान कास्तकाराले भाव भेटतेच," असे तो मोठ्या विश्वासाने म्हणाला. त्याची माय दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून नुकतीच आली होती. डोक्याचे फडके सोडता सोडता तिने विचारले, "मंग त्या साखळीत आपन कोन्या कडीत येतो रे बाबू?"

पोरगा गप्प झाला. मीही गप्प झालो. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पण ज्या कापसावर माझे शिक्षण झाले, त्या कापसाचा इतिहास मी कधी वर्गात सांगितला नाही. तो पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि पाठ्यपुस्तकात नाही ते विचारण्याची सवय आम्हांला कोणी लावली नव्हती. भावजयीचा प्रश्न मात्र मनातून जाईना. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वऱ्हाडच्या कापसाची साखळी गेल्या दीडशे वर्षांत तीनदा आखूड झाली. पहिल्यांदा ती रेल्वेने आखूड केली, दुसऱ्यांदा सरकारने, आणि आता तिसऱ्यांदा मोबाईल ती आखूड करतो आहे. तिन्ही वेळा कास्तकाराच्या भल्याची भाषा बोलली गेली. आणि तिन्ही वेळा ज्याच्या नावावर जमीन नव्हती, तो होता तिथेच राहिला.

२

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत हे तांडे जात. पुढे मुंबईचा रस्ता धरला गेला. वाटेत पाऊस, धूळ, चोरी, महिनोन्‌महिने लागत. पण या साखळीची एक दुसरी बाजू होती. पिकलेल्या कापसातला मोठा भाग गावाच्या पंचक्रोशीतच राही. बाया सूत कातीत, आणि त्या सुताचे कापड विणणारे हात होते. तलम लुगडी कोष्टी विणीत. जाडेभरडे कापड, धोतरे, पासोड्या विणणाऱ्यांत महारांची संख्या मोठी होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हाती वतनाच्या राबणुकीखेरीज हा एक धंदा होता. त्याला मागणी होती, आणि त्या धंद्यापुरता तो कोणाच्या दारी भाकर मागायला जात नव्हता. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. गावगाडा तेव्हाही आमच्या मानेवरच होता. पण हातमाग आमचा होता.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे, आणि तो काळ्या गुलामांच्या पाठीवर पिकत असे. १८६० साली त्या देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. लढाईने तो पुरवठा तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे आमच्या काळ्या मातीकडे वळले. मुंबईत कापसाचे भाव भडकले, पेढ्यांवर सोने आले. १८६५ साली युद्ध संपले आणि तोच भाव कोसळला. पण इंग्रजांना एक गोष्ट कळून चुकली होती. ही जमीन हुकमी कापूस देऊ शकते, फक्त तिला लोखंडी वाट हवी.

ती वाट झपाट्याने आली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली खामगावचा फाटा झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्याच्या मागोमाग अमरावतीचा फाटा झाला. तारायंत्र आले. वोल्कार्ट, राली यांसारख्या युरोपीय पेढ्यांचे खरेदीदार थेट वऱ्हाडात उतरले. रेचे गेले, वाफेवरचे जिन आणि प्रेस आले. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' असे नाव पडले. माझ्या आजोबांनी अमरावती पाहिली नव्हती. त्यांच्या हाताने वेचलेला कापूस मात्र समुद्र ओलांडून तिच्या नावाने विकला जात होता.

मधल्या कड्या अशा गळाल्या. पहिल्यांदा बंजारा गळाला. शेकडो वर्षे देशाचे ओझे वाहणारा हा समाज आगगाडीच्या धुराबरोबर निरुद्योगी झाला. आज त्याची नोंद विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याच्या पाठोपाठ कातणारी बाई आणि विणणारा महार गळाला. ही गोष्ट नकळत घडली असे कोणी समजू नये. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक याने १८६९ च्या सुमाराच्या अहवालात आपला हिशेब उघड मांडला आहे. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत आले, की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग इथे सुतात मुरणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीला उपलब्ध होईल, अशी आशा त्याने व्यक्त केली होती.

'शेतमजुरीला उपलब्ध' हे शब्द वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. माझे घराणे शेतमजूर कसे झाले याचे उत्तर मला कुठल्याही पुराणात सापडले नव्हते. ते एका साहेबाच्या अहवालात सापडले. आमचे दारिद्र्य पूर्वजन्मीच्या पापाने आले असे आम्हांला सांगण्यात आले. निदान त्याचा काही भाग तरी फायलीवर सही होऊन आला होता.

पुढची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. माग गेलेला माणूस गिरणीकडे गेला. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईत तर गिरण्यांचे गावच उभे राहिले होते. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगाराला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. बापजाद्यांनी गावाला कापड पुरवले, आणि नातवाला मागाला हात लावण्याची बंदी झाली.

३

आता बाजार. कारंजा येथे १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. वऱ्हाडी माणूस हे अभिमानाने सांगतो. पण त्या बाजारात वजन व्यापाऱ्याचे होते. पिकवणाऱ्याला आवाज नव्हता. सौदा हत्त्याने होई. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि मालाचा मालक बंडीजवळ उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाही. भाव ठरला की कापणी सुरू होई: अडत, हमाली, तोलाई, कडता, आणि शेवटी धर्मादाय. हा धर्मादाय गोरक्षणाला, देवळाला जाई. ज्या देवळाची पायरी चढण्याची आम्हांला मनाई होती, त्या देवळाच्या दिव्याचे तेल आमच्या कापसातून निघत होते.

तरी हे ज्याच्याकडे बंडी होती त्याचे झाले. ज्याच्याकडे बंडीही नव्हती तो गावातच विकी. पेरणीला सावकाराकडून ज्वारी उचललेली असे, सवाई-दिढीने. कापूस फुटायच्या आधीच त्याचा मालक ठरलेला असे. बाजारात भाव चढो की पडो, याच्या हाती तोच. साठवायला जागा नाही, थांबायला पोटात दम नाही. कापूस निघाला त्या दिवशी विकणे आणि भाव चढेल त्या दिवशी विकणे, यांतला फरक म्हणजेच नफा. तो नफा नेहमी थांबू शकणाऱ्याचा असतो.

१८९९-१९०० च्या दुष्काळात हे उघडे पडले. कापसाने श्रीमंत म्हणून गाजलेल्या वऱ्हाडात माणसे उपासाने मेली. जमीन कापसाखाली गेली होती आणि धान्य विकत घ्यायचे झाले होते. आगगाडीने धान्य येऊ शकत होते, पण विकत घ्यायला मजुरीच नव्हती. मेले ते बहुतेक शेतमजूर आणि मोडलेले कारागीर, म्हणजे तेच 'उपलब्ध' झालेले लोक.

अमेरिकेतल्या आमच्या भावंडांची कथाही इथे सांगितली पाहिजे, कारण साखळी एकच होती. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्या माणसांनी जमीन मागितली. चाळीस एकर आणि एक खेचर हा त्यांच्या मनातला शब्द होता. समुद्रकाठच्या पट्ट्यात काहींना जमीन मिळालीही, आणि त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत देण्यात आली. मग त्याच मळ्यांवर हे लोक बटाईने कापूस पिकवू लागले. बियाणे उधार, पीठ उधार, आणि उभे पीक दुकानदाराकडे गहाण. वजन मालक करी, वही मालक लिही. मिसिसिपीचा काळा बटाईदार आणि वऱ्हाडचा महार सालदार यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. पण दोघांच्या कापसाचे भाव एकाच लिव्हरपूलमध्ये ठरत, आणि दोघांची वही दुसऱ्याच्या हातात होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तेव्हा काहींना ते परके वाटले. कापसाचा इतिहास माहीत असता तर वाटले नसते.

४

१९७२ सालीच आमच्या साखळीची दुसरी काटछाट झाली. महाराष्ट्र सरकारने १९७१ चा कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेने घ्यायचा. व्यापारी, दलाल, अडत्या सगळे बाजूला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. माझ्या बाबांच्या ताब्यात चार एकर ई-क्लास जमीन होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहात बाबा तुरुंगात गेले होते. सुटून आल्यावर त्यांनी ही पडीक जमीन फोडली. दगड वेचले, बोरी-बाभळी काढल्या, आणि तिसऱ्या वर्षी कापूस लावला.

योजना वाईट होती असे मी म्हणणार नाही. भाव आधी कळू लागला, रुमाल गेला, कडता आणि धर्मादाय गेला. सातबारा असलेल्या कितीतरी लहान कास्तकारांची सावकाराच्या दारातून सुटका झाली. बंड्यांच्या रांगा लागत, दोन-दोन रात्री बैलांजवळ थंडीत काढाव्या लागत, ग्रेडर बोंड उलटेपालटे करून प्रत उतरवी, चुकारा उशिरा मिळे. पण मिळे, आणि ज्याच्या नावाची पावती त्यालाच मिळे.

खोच इथेच होती. पावती सातबाऱ्यावरून फाटे आणि आमच्याकडे सातबारा नव्हता. तलाठी दरसाल येऊन अतिक्रमणाचा दंड करी आणि त्याची पावती देई. आमच्या चार एकरांचा तेवढाच सरकारी पुरावा. मग बाबांचा कापूस ते ज्यांच्याकडे पूर्वी सालदार होते त्या मालकाच्या बंडीत, मालकाच्या नावाने जाई. चुकारा मालकाच्या खात्यात. त्यातून मालक बंडीचे भाडे कापी, 'नावाचे' म्हणून काही कापी, राहिलेले दोन-तीन वेळा हेलपाटे घालायला लावून देई. हंगाम संपल्यावर फरकाची जादा रक्कम आली, तर ती बाबांना कधी कळलीही नाही. "कापूस आपला, नाव त्याईचं," असे बाबा म्हणत. एका वर्षी ते मालकाकडे हिशेब विचारायला गेले. पुढच्या हंगामात आमचा कापूस कोणीच आपल्या बंडीत घेतला नाही. पंधरा दिवस तो घरात पडून राहिला. आम्ही भावंडे त्याच्यावर झोपलो. शेवटी एका फिरत्या व्यापाऱ्याने रात्री येऊन पडत्या भावात तो उचलला. त्या वर्षी माझी फी भरायला मायने पायातले वाळे मोडले.

सरकारने दलालाची कडी काढली होती हे खरे. पण जातीने आणि जमिनीच्या कागदाने आमच्यासाठी नवी कडी तयार केली. ती कुठल्या आराखड्यात दिसत नव्हती, कारण आराखडा सातबाऱ्यापासून सुरू होत होता. आम्ही सातबाऱ्याच्या अलीकडे होतो.

पुढे योजनेचा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला. बाहेर भाव चढला की कापूस रात्री राज्याच्या सीमा ओलांडी, पडला की केंद्रांवर लोटे. २००२ साली खासगी खरेदीला दार मोकळे झाले. त्याच साली बीटी बियाण्याला केंद्राची परवानगी मिळाली. घरची सरकी राखून पेरण्याची चाल मोडली, आणि साखळीच्या सुरुवातीलाच दुकानाची एक नवी कडी आली.

५

आता तिसरी काटछाट. आज हमीभावाने खरेदी करते ते केंद्राचे कापूस महामंडळ. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. त्यासाठी 'कपास किसान' नावाच्या मोबाईल ॲपवर नोंदणी करायची. आधार, जमिनीचा उतारा, पिकाची नोंद द्यायची. कापसात ओल आठ टक्के धरलेली. वर गेली की पैसे कापायचे, बारा टक्क्यांच्या पुढे कापूस परत. पैसा थेट खात्यात. मधे कोणी नाही. माझ्या पुतण्याची आदर्श साखळी ती हीच.

माझा भाऊ तीच चार एकर कसतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. बाबांनी अर्ज केला, दंडाच्या पावत्यांच्या नकला जोडल्या. चौकश्या झाल्या, पंचनामे झाले, बाबा गेले. अर्ज अजून चौकशीत आहे. ॲपमध्ये उताऱ्याच्या जागी दंडाची पावती चढवता येत नाही. म्हणून भावाचा कापूस आजही गावातल्या व्यापाऱ्याकडे, हमीभावाच्या खाली जातो. आणि तो व्यापारी तो कोणाच्या नावाने पुढे काढतो, हे विचारण्याची सोय नाही. मक्त्याने शेती करणाऱ्या भूमिहीनांचेही हेच. उतारा जमीनमालकाचा, कर्ज कसणाऱ्याचे.

साखळीच्या वरच्या टोकाला काय होते तेही पाहावे. २००३ साली कानकून येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी तक्रार मांडली, की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देते आणि त्यामुळे आमच्या लहान शेतकऱ्यांचा भाव पडतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. नवा कापूस घरात यायची वेळ तीच होती. गिरणीला थांबता येते, सरकारला थांबता येते. चार एकरवाल्याला थांबता येत नाही.

आणि भावजयीचे काय? पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ होते. त्यातले प्रत्येक बोंड कोणातरी बाईने बोटांनी सोडवलेले असते. पऱ्हाटीच्या काट्यांनी तिची नखे सोलतात. संध्याकाळी बांधावर वजन होते, मजुरी किलोवर मिळते, काटा मालकाचा. तिथेही 'ओला आहे' म्हणून किलो-दोन किलो कापले जातात. शंभर वर्षांपूर्वीचा बाजारातला कडता असा बांधावर येऊन बसला आहे. या वजनाची नोंद कुठल्याही ॲपमध्ये नाही.

६

बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, असे सगळे म्हणत असताना त्यांनी दाखवले की एकरांवरून शेत लहान-मोठे ठरत नाही. जमिनीच्या मानाने भांडवल आणि साधने किती आहेत यावरून ते ठरते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये ते पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, बैल-बियाणे-पाणी राज्याने पुरवावे. जमिनीचा मालक, खंडकरी आणि भूमिहीन मजूर हा भेदच राहू नये, हा त्यामागचा विचार होता. तो बाजूला ठेवून आपण फक्त साखळीची लांबी मोजत बसलो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या एकूण वहिती खात्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे १२ टक्के आणि क्षेत्रातला वाटा ९ टक्क्यांच्या आत आहे. लोकसंख्येत मात्र आपण १६ टक्क्यांहून अधिक आहोत. साखळी सातबाऱ्यापासून सुरू होत असेल, तर आपल्यातले बहुसंख्य तिच्या बाहेरच आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. कसणाऱ्याच्या नावाने पावती फाटली पाहिजे, मग जमीन गायरानाची असो की मक्त्याची. १९९१ च्या निर्णयाप्रमाणे अडकलेल्या प्रकरणांचा निकाल लागला पाहिजे. आणि बांधावरच्या काट्यालाही बाजारातल्या काट्याइतकाच कायदा लागला पाहिजे.

पुतण्या परत जायला निघाला त्या दिवशी मी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. दंडाच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत, काहींची शाई उडाली आहे. त्याने एकेक उचलून पाहिली आणि म्हणाला, "काका, याच्यावर तं आजोबाचं नाव आहे."

सरकारच्या कागदावर बाबांचे नाव आहे, ते एवढ्याच ठिकाणी. कापूस पिकवला म्हणून त्यांना कधी पावती मिळाली नाही. जमीन कसली म्हणून दंडाची मिळाली.

त्याने त्या सगळ्या पावत्यांचे फोटो काढून नेले.